पंधरा जुलैचा क्यूब

पहाटे साडेपाच

बाहेर पाऊस लागलाय. जेवणाच्या टेबलावर सात खोकी फायली. घरातल्यांनी या टेबलाची आशा केव्हाच सोडली. जेवताना सगळे मांडीवर ताट घेऊन बसतात. आज अकराला लवादापुढे आमच्या साक्षीदाराची उलटतपासणी आहे. साक्षीदार म्हणजे साईट इंजिनिअर, त्याचा मालक कंत्राटदार म्हणजे माझा अशील, आणि समोर इमारत बांधून घेणारी कंपनी.

इमारत १४३ दिवस उशिरा झाली, हे दोघांनाही मान्य. भांडण एवढंच की उशीर कुणाच्या खाती टाकायचा. कंपनीने शेवटच्या बिलातून दंड कापून घेतला. आम्ही म्हणतो, तुम्ही नकाशेच वेळेवर दिले नाहीत. बांधकामाच्या दहा खटल्यांतले आठ शेवटी याच एका प्रश्नावर येऊन बसतात, बाकीचे कागद त्याच्याभोवतीची भरती.

त्या १४३ दिवसांत आम्ही पावसाचे १४ दिवस मागितलेत. पुरावा म्हणजे हिंडरन्स रजिस्टर, कामातला प्रत्येक अडथळा टिपायची वही. त्यात लिहिलंय : १५ जुलै, मुसळधार पाऊस, काम पूर्ण बंद. खाली सही.

शेजारच्या फायलीत क्यूबचे रिपोर्ट. काँक्रीट ओतताना १५ सेंटीमीटरच्या घनाकृती साच्यांत त्याचे नमुने भरतात, पाण्यात बुडवून ठेवतात आणि २८व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. एका रिपोर्टवर चाचणीची तारीख १२ ऑगस्ट. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब. बोटांवर मोजलं. मग भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोजलं. १२ ऑगस्टच्या मागे २८ दिवस म्हणजे १५ जुलै.

म्हणजे एक तर पाऊस खोटा, नाही तर क्यूब खोटा. आणि क्यूब खोटा ठरला तर खटला उशिराचा राहत नाही, स्लॅबच्या ताकदीचा होतो.

चहा गार झाला. चौदाही तारखा मजुरांच्या मस्टरशी आणि सिमेंटच्या हिशेबाशी ताडून पाहिल्या. नऊ दिवशी काम झालेलं दिसतंय. उरले पाच.

सव्वासात

कंत्राटदाराला फोन. वीस वर्षं मी त्याला 'दादा' म्हणतेय, तो मला 'मॅडम'.

"अहो मॅडम, रजिस्टर महिन्याच्या शेवटी ऑफिसातला पोरगा भरतो. सगळीकडे असंच असतं."

"सगळीकडचं मला सांगू नका दादा. १५ जुलैला स्लॅब टाकला की नाही?"

"टाकला. सकाळी दोन तास पाऊस होता. अकरानंतर उघडला, तेव्हा टाकला."

हे खरं वाटलं, कारण असंच घडत असतं. दोन तासांचा पाऊस वहीत चढेपर्यंत पूर्ण दिवसाचा होतो. मी म्हटलं, नऊ दिवस सोडून द्यायचे. पलीकडे शांतता. नऊ दिवसांचा दंड म्हणजे त्याच्या लेकीच्या कॉलेजची फी. पण लिहून देऊन सोडले नाहीत तर समोरचा वकील ते उलटतपासणीत काढून घेणार, आणि नकाशांच्या उशिराचे ९६ दिवस त्या नऊंच्या मागून वाहून जाणार. तसंही टेंडरमध्ये मुदत 'पावसाळ्यासह' लिहिलेली आहे. रोजचा पाऊस कारण म्हणून चालतच नाही, अवचित झोडपणारा असेल तरच.

"बघा बुवा, तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. याला मी संमती धरत नाही. व्हॉट्सॅपवर लेखी मागून घेतली.

साडेनऊ

शिवाजीनगर, चेंबर. दोन ज्युनिअर सुनावण्यांचा बोर्ड बघून आपापल्या कोर्टांकडे पळाले. इंजिनिअर आला, चेहरा उतरलेला. एकदा उलटतपासणी सुरू झाली की साक्षीदाराशी प्रकरणाबद्दल बोलायचं नाही, हा दंडक. म्हणून जे बोलायचं ते आत्ताच. काय उत्तर द्यावं, असं त्याने विचारलं. मी सांगितलं : जे झालं ते. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. माझ्याकडे बघून उत्तर देऊ नका, लवाद टिपून ठेवतो.

मी आधी सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं साईटवर काढली आणि मग तीन वर्षांचं लॉ. साईटवर शिकले ते कोर्टात जास्त कामाला आलं. स्लॅबखालचं सेंट्रिंग कधी लावतात आणि कधी काढतात हे ज्या वकिलाला ठाऊक नाही, त्याच्या गळी साक्षीदार काहीही उतरवून जातो. मुलंमुली विचारतात, या कामात यायला काय वाचू? मी म्हणते, एक आरए बिल, म्हणजे चालू कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल, पहिल्या पानापासून शेवटच्या कपातीपर्यंत वाचून काढा. कलमं नंतर.

अकरा

लवाद तिघांचा : एक निवृत्त न्यायाधीश, दोन अभियंते. सुरुवातीलाच उभी राहिले आणि पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. पावसाचे नऊ दिवस आम्ही सोडतो, तारखा सोबत जोडल्या आहेत.

समोरच्या वकिलांच्या हातात आमच्याच क्यूब रिपोर्टची प्रत होती, वर पिवळी चिठ्ठी लावलेली. त्यांनी पुरशीस वाचली, चिठ्ठी सोलून काढली, घडी घालून खिशात ठेवली. काही बोलले नाहीत. पंचवीस वर्षांची वकिली आहे त्यांची. त्यांच्या जागी मीही बोलले नसते.

तरी अडीच तास इंजिनिअरला घुसळून काढला. रजिस्टर कुणी भरलं? कधी? तुमची सही नंतरची का? त्याने सांगितलं, हो, महिनाअखेरीची. आमच्या बाजूची खुर्ची जरा सरकली. मग नकाशांवर आले. तिथे इंजिनिअर पक्का होता. कंपनीकडून नकाशा आला की तो आवक वहीत चढायचा आणि आणणाऱ्या पोऱ्याची सही व्हायची, त्याच दिवशी. तिसऱ्या मजल्याच्या बीमचा नकाशा मागणारी चार पत्रं गेली, चौथ्यानंतर नकाशा आला. दोघांतल्या एका अभियंता सदस्यांनी ती वही मागवून घेतली आणि बराच वेळ चाळत बसले. एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. त्यावर बोट ठेवून ते नुसते हसले. नंतर बनवलेल्या वहीवर चहा सांडलेला मी तरी अजून पाहिला नाही.

दुपारी सव्वादोन

पोळी-भाजी गाडीत. लॅपटॉपवर महारेराची ऑनलाइन सुनावणी, सहा मिनिटांची. अशील म्हणजे फ्लॅटचा ताबा तीन वर्षं लांबलेल्या एक बाई. घरभाडं भरतात आणि कर्जाचा हप्ताही भरतात. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १८ खाली उशिराचं व्याज मिळायचा आदेश झालाय, स्टेट बँकेच्या सर्वांत चढ्या कर्जदरापेक्षा दोन टक्के जास्त. बिल्डरने पैसे दिलेले नाहीत. वसुलीचा कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार, तिथून तहसीलदारांकडे, कारण ही रक्कम महसुली थकबाकीसारखी वसूल होते.

बाईंचा फोन : "ताई, जिंकलो ना आपण?"

जिंकलो. आता तहसील कचेरीच्या फेऱ्या सुरू, हे मात्र त्यांना आज सांगायचं जिवावर आलं. उद्या सांगेन. बिल्डर अपिलात गेला तर त्याला आधी व्याजासकट सगळी रक्कम भरावी लागेल, हे तेवढं सांगितलं. त्यावर त्या जरा निवल्या.

साडेचार

सिंहगड रस्त्याच्या बाजूची सोसायटी. वरच्या मजल्यावर छताला ओल, पोपडे सुटलेले, एका खोलीत पाळण्यावर प्लास्टिक टाकलेलं. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, बघायला वर गेलो, तर कोबाच नाही. सेक्रेटरींनी मागच्या महिन्यात मोठ्या तत्परतेने तो फोडून नवा करायला दिला होता. जुन्याचा एक फोटो नाही.

असल्या तत्परतेने बिल्डरची जितकी सेवा होते तितकी त्याच्या वकिलाकडूनही होत नसेल. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या नजरेला आणला तर ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, रेरा कायद्याचं कलम १४(३). या सोसायटीची चार वर्षं सात महिने झालेत. तक्रार कुठे केली? "बिल्डरच्या माणसाला तोंडी सांगितलं होतं मॅडम. गणपतीत आला होता तेव्हा."

तिथेच पायरीवर बसून पत्राचा मसुदा सांगितला. भिंतींची ओल मोजून घेतली, फोटो काढले. उरलेली दुरुस्ती थांबवली. पाळणा दुसऱ्या खोलीत हलवला; हे माझं काम नव्हतं, पण हलवला.

सात

चेंबर. भिंतीवर मुदतींचा तक्ता आहे, तो मी स्वतः भरते, ज्युनिअरला हात लावू देत नाही. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर १९९६च्या लवाद कायद्याप्रमाणे तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही. एका निवाड्याचे अकरा दिवस उरलेत आणि अशील परदेशात. प्रतिज्ञापत्राची तिथून सही कशी आणायची, यात तास गेला. कोर्ट फी, दोन बिलं, स्टेनोला उद्याचा मजकूर. लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री पावणेदहा

टेबलावरची तीन खोकी खाली ठेवली, चार माणसं टेबलावर जेवली. कंत्राटदाराचा फोन आला. नऊ दिवसांबद्दल अजून रुखरुख होतीच. म्हणाला, नव्या साईटवरचं रजिस्टर आजपासून रोज भरायला लावलंय, कंपनीच्या माणसाची सहीसुद्धा घेतो. मी म्हटलं, सांगू नका, पाठवा.

दहा मिनिटांनी फोटो आला. अक्षर वाकडंतिकडं, पानाचा कोपरा ओला : 'सकाळी ६ ते ८.३० पाऊस. ९.१० ला काम सुरू. मजूर ३१.' खाली दोन सह्या.