घंटा गोदाकाठी, संत नागासाकीत

नाशिकला पंचवटीत रामेश्वराच्या देवळाचा पत्ता विचारला, तर माणूस क्षणभर विचारात पडतो. नारोशंकराचे देऊळ म्हटले की लगेच हात वर करून दाखवतो. सरदार नारोशंकर राजेबहादर यांनी १७४७ मध्ये ते बांधले. त्याच्या दर्शनी भागातल्या भल्यामोठ्या घंटेने मराठीला एक वाक्प्रचारही दिला. घरातले पोर टाहो फोडू लागले की आजी म्हणायची, ‘झाली सुरू नारोशंकराची घंटा!’ या घंटेवर १७२१ हे इसवी सन कोरलेले आहे, कारण ती ओतली गेली चर्चसाठी. वसईच्या विजयानंतर ती मराठ्यांबरोबर घाटावर आली. भीमाशंकरची आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटाही त्याच वाटेने आलेली. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे!

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा संघांनी तिथे चर्चे आणि मठ उभारले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज सैन्य मानाने बाहेर पडले. मागे राहिला तो बागायती, शेती करणारा स्थानिक ख्रिस्ती समाज. धर्म पाळण्याची मुभा त्याला तहानेच मिळाली होती.

याच वसईच्या एका मुलाची कहाणी थेट फिलिपिन्सला जाऊन भिडते. गोन्सालो गार्सियाचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथला. जेझुइटांच्या हाताखाली शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने अशी काही आत्मसात केली की पुढे तीच त्याचे भाग्य ठरली. जेझुइट संघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. मग त्याने काही काळ व्यापार केला, मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानच्या हिदेयोशीकडे पाठवले, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो बरोबर होता. त्याने पुन्हा जपानात पाऊल ठेवले ते असे.

हिदेयोशीची मर्जी फार काळ टिकली नाही. १५९६ मध्ये मनिलाहून निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि संशयाला धार चढली. सव्वीस जणांना पकडले, त्यांतल्या बहुतेकांचे क्योतोत कान छाटले आणि भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार केले. गोन्सालोला १८६२ मध्ये संतपद मिळाले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईजवळच्या गास गावी त्याच्या नावाचे चर्च आहे; मुंबई-पुण्याच्या शाळांतून मात्र त्याचे नाव फारसे कुणाच्या कानावर पडत नाही.

वसईच्या ख्रिस्ती घरांतून आजही सामवेदी, म्हणजे कादोडी, आणि वाडवळी या मराठीच्याच बोली ऐकू येतात. कुपारी बाया लाल लुगड्यात दिसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्साही लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळत होता. २०२४ च्या जुलैत ते गेले.

बिल्डर वसईत शिरले तेव्हा ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरणाऱ्यांतही दिब्रिटो होते. त्या लढ्याने काही बागा वाचल्या, काही गेल्या. केळीची बाग विकून फ्लॅटमध्ये गेलेल्या घरात आजी नातवाशी कादोडीत बोलते, नातू इंग्रजीत उत्तर देतो. रविवारच्या मिस्सेत मात्र दोघेही शेजारी बसून मराठीतच गातात.