गाडी थांबेपर्यंत

मोटारीच्या जाहिरातीत गाडी नेहमी धावताना दिसते. ती कुठे जाऊन थांबेल, हे जाहिरात दाखवत नाही. नॉर्वेतल्या मोटारचालकांच्या संघटनेने नेमके तेवढेच पाहायचे ठरवले. हिवाळ्यात एका सकाळी ओस्लोहून वीस-पंचवीस विजेच्या गाड्या निघतात. शहर, मोठा रस्ता, मग गुडब्रान्सडालची लांबच लांब दरी आणि पुढे डोव्रेच्या बाजूचा बर्फाळ पहाड, असा सगळ्यांचा मार्ग एकच. चार्जिंगला थांबायचे नाही. बॅटरीने हात टेकले आणि गाडीला वेग धरवेना, की रस्त्याकडेला घ्यायची. किलोमीटरचा आकडा लिहायचा आणि टोइंगच्या ट्रकची वाट पाहायची.

या चाचणीचे नाव ‘एल प्री’. चालवणारी संस्था नॉर्गेस ऑटोमोबिल-फोरबुंड, म्हणजे ‘नाफ’. तिची स्थापना १९२४ची. पंचावन्न लाखांच्या देशात तिचे पाच लाखांवर सभासद आहेत. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत, जुनी गाडी घेण्याआधीची तपासणी, पेट्रोलच्या करांवरून सरकारशी भांडण, अशी तिची कामे. तिचे ‘मोटर’ नावाचे मासिक आहे आणि २०२०पासून हिवाळ्यातल्या या चाचणीचे निकाल त्यात येतात. उन्हाळ्यातही हीच धाव होते, पण गाजते ती हिवाळ्याचीच. उन्हाळ्यात बऱ्याच गाड्या कंपनीने सांगितल्यापेक्षाही पुढे जातात आणि त्यात बातमी नसते.

कंपनीने सांगितलेला आकडा येतो कुठून? युरोपात तो ‘डब्ल्यूएलटीपी’ या चाचणीतून येतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी असते, तापमान २३ अंश, वातानुकूलन बंद. अर्ध्या तासाचा, सव्वातेवीस किलोमीटरांचा ठरावीक धावक्रम असतो, त्यात थांबणे-निघणे आणि ताशी १३१ किलोमीटरपर्यंत वेग वाढवणे असते. बॅटरी संपेपर्यंत किती अंतर पडेल ते यावरून ठरते. यात लबाडी नाही. सगळ्या कंपन्यांना एकाच फूटपट्टीने मोजायचे, तर तापमान कुठले तरी एक धरावेच लागणार. फक्त ते २३ अंश नॉर्वेच्या जानेवारीत कोणाच्या अंगणात सापडत नाहीत.

२०२०च्या पहिल्या हिवाळी धावेत २० गाड्या होत्या. सांगितलेल्या आकड्यापेक्षा त्या सरासरी साडेअठरा टक्के कमी धावल्या. सरासरीपेक्षा बोलके होते ते दोन टोकांमधले अंतर. ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकला ४४९ किलोमीटर जायचे होते, ती ४०५ गेली. तूट जवळजवळ दहा टक्के. ओपेलच्या अँपेरा-ईला ४२३ जायचे होते आणि ती तीनशेच्या अलीकडेच थांबली. म्हणजे थंडी तीच, रस्ता तोच, दिवस तोच, आणि एकीच्या तिप्पट नुकसान दुसरीला. त्या दिवशी सर्वांत लांब गेली ती टेस्लाची मॉडेल एस, ४७० किलोमीटर, पण तिच्या सांगितलेल्या आकड्यातून जवळजवळ पाव भाग गळाला होता. तेव्हा सर्वांत लांब जाणारी गाडी आणि शब्दाला जागणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला विचाराल, तर विकत घेताना दुसरी जास्त कामाची. २०२४ साली ५२२ किलोमीटर जाऊन सहा टक्क्यांहून कमी गमावणारी हायफाय झेड नावाची चिनी गाडी दोन्ही बाबतींत पहिली आली. तिच्या कंपनीने पुढच्याच महिन्यात उत्पादन थांबवले. बॅटरीच्या थंडीचा अंदाज बांधता येतो, बाजाराच्या थंडीचा येत नाही.

थंडीत नेमके घडते काय? पहिला घाव बॅटरीवर. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात ते द्रवरूप इलेक्ट्रोलाइटमधून. पारा उतरला की हा द्रव दाट होतो, डिसेंबरातल्या खोबरेल तेलासारखा. आयनांची चाल मंदावते, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, तीच वीज बाहेर काढताना व्होल्टेज लवकर पडते आणि तळाची थोडी वीज असूनही हाती लागत नाही. ती नाहीशी झालेली नसते, बॅटरी ऊबदार झाली की परत मिळते. लोहयुक्त एलएफपी बॅटऱ्यांना हा त्रास जास्त होतो, निकेलच्या बॅटऱ्यांना तुलनेने कमी.

चार्जिंगचे दुखणे याहून नाजूक. शून्याखाली थंड बॅटरीत जोराने वीज भरली, तर आयनांना ध्रुवातल्या ग्रॅफाइटच्या आत शिरायला सवड मिळत नाही आणि ते पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. हे नुकसान मात्र कायमचे. म्हणून बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा आधीच लगाम आवळते. फास्ट चार्जरला लावलेली गाडी हळूहळू घोट घेत बसते आणि मालकाला वाटते, चार्जर बिघडला. ब्रेकमधून वीज परत मिळवण्याची सोयही याच कारणाने थंड सकाळी अर्धवट चालते. पाय उचलल्यावर रोज आपोआप मंदावणारी गाडी त्या दिवशी पुढे घरंगळते, नवखा चालक दचकतो.

पण बॅटरी हा या गोष्टीतला अर्धाच आरोपी, खरे तर अर्ध्याहून कमी. अमेरिकेतल्या ‘एएए’ या मोटार संघटनेने २०१९ साली पाच गाड्या बंद दालनात मोजल्या. उणे ७ अंशांच्या आसपास हीटर बंद ठेवून पल्ला १२ टक्क्यांनी घटला. हीटर चालू केल्यावर ४१ टक्क्यांनी. त्यानंतर गाड्या सुधारल्या आहेत, पण या दोन आकड्यांमधली दरी सगळे सांगून जाते. बॅटरी गारठल्याने जेवढे गेले, त्याच्या दुपटीहून जास्त माणसे गारठू नयेत म्हणून गेले.

पेट्रोलच्या गाडीत हा हिशेब कधी दिसला नाही, कारण ती मुळातच उधळी. टाकीतल्या इंधनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग ती उष्णता करून वाया घालवते. त्यातली थोडी ऊब आत वळवली की हीटर झाला. फुकट वाटायचा, पण पैसे उन्हाळ्या-पावसाळ्यातही मोजलेलेच असायचे. विजेची मोटर नव्वद टक्क्यांहून अधिक वीज चाकांना देते. तिच्याकडे वाया जाणारी ऊबच फार थोडी. तेव्हा ऊब हवी तर बॅटरीतून विकत घ्यायची. काटकसरीच्या घरात एक पाहुणा आला तरी महिन्याच्या जमाखर्चात कळतो, तसे हे आहे.

आता या उबेचा हिशेब किलोमीटरवर नाही, तासावर चालतो. हे लक्षात आले की बरेचसे कोडे सुटते. समजा हीटर ३ किलोवॉट ओढतो, म्हणजे तासाला आपल्या वीजबिलातले ३ युनिट. ताशी ९० किलोमीटरने गेलात, तर किलोमीटरमागे त्याचा भार युनिटच्या तिसाव्या भागाइतका. शहराच्या गर्दीत ताशी ३०ने गेलात, तर तोच भार तिप्पट, म्हणजे युनिटचा दहावा भाग. गाडी पुढे ढकलायला किलोमीटरमागे पाव युनिटाहूनही कमी लागते, हे पाहता तो फार झाला. विजेची गाडी एरवी शहरात सर्वांत काटकसरी. थंडीत हे उलटे होते. मुलाला पाळणाघरात सोडा, गाडी गार होऊ द्या, दुकानात जा, पुन्हा गार होऊ द्या, घरी या: प्रत्येक वेळी खुर्च्या, काचा, हवा आणि बॅटरी नव्याने तापवायची. म्हणून ‘एल प्री’चे आकडे मला रोजच्या जगण्यापेक्षा सौम्य वाटतात. त्या धावेत गाडी एकदा तापते आणि मग तासन् तास तापलेलीच राहते.

यावरचा मोठा उपाय हीट पंप. साधा हीटर एक युनिट घेऊन एक युनिट ऊब देतो. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला फ्रिज: बाहेरच्या थंड हवेतली, मोटरच्या आसपासची उरलीसुरली उष्णता ओढून आत आणतो आणि एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब देतो. निसानच्या लीफमध्ये तो दशकापूर्वीच आला, टेस्लाने मॉडेल वायमध्ये २०२०ला घेतला. कडाक्याची थंडी पडली की त्याचाही जोर ओसरतो, पण युरोपातल्या हिवाळ्याचे बहुतेक दिवस त्याच्या आवाक्यातले असतात. छोटे उपायही आहेतच. हवा तापवण्याऐवजी खुर्ची आणि स्टीअरिंग तापवणे फार स्वस्त पडते. गाडी घरच्या प्लगला असतानाच आतून गरम करून घेतली की तो खर्च भिंतीतल्या विजेवर जातो. स्कँडिनेव्हियात लोक विजेच्या गाड्या येण्याआधीपासून हिवाळ्यात गाडीला प्लग लावत आले आहेत. तेव्हा इंजिन तापवायला लावत, आता बॅटरीला.

बाकीची तूट पदार्थविज्ञानाची. उणे २० अंशांतली हवा २३ अंशांतल्या हवेपेक्षा साधारण १७ टक्के दाट असते, तिला कापत जायला तेवढा जोर जास्त. टायरमधली हवा आकसते, बर्फाचा चिखल चाकांना धरतो. हे सगळे पेट्रोलच्या गाडीलाही भोगावे लागते, पण तिच्या काट्याकडे एवढ्या बारकाईने कोणी बघत नाही.

असल्या हवेत विजेच्या गाड्या घेण्याचे धाडस नॉर्वेने केले कसे? त्याची सुरुवात थोडी गमतीची आहे. १९८९ साली ‘आ-हा’ या पॉप बँडमधल्या दोघांनी आणि ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेच्या फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी एक फियाट पांडा देशात आणली आणि टोल भरायचे साफ नाकारले. गाडी जप्त झाली, लिलावात निघाली, आणि पुन्हा सोडवून आणली गेली. पुढच्या दशकात करमाफी, टोलमाफी आली, २००१मध्ये मूल्यवर्धित करातूनही सूट मिळाली. वीज जवळजवळ सगळी धबधब्यांची आणि धरणांची. २०२४मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८९ टक्के विजेच्या होत्या. त्या खपवणाऱ्या सरकारी सवलतींना उत्तर ध्रुवाच्या शेजारचा हिवाळा आडवा आला नाही, हे पुष्कळ सांगते.

त्याच २०२४च्या जानेवारीत दोन बातम्या एकदमच आल्या. शिकागोत उणे १८च्याही खाली पारा गेला आणि टेस्लाच्या चार्जरपाशी बंद पडलेल्या गाड्यांच्या रांगा जगभर दाखवल्या गेल्या. थंड बॅटरी घेऊन लोक चार्जरवर आले, चार्जिंग संथ झाले, रांग वाढली, रांगेत हीटरवर उरलेली वीज संपली. चार्जरकडे निघताना तो नकाशात टाकला असता, तर गाडीने वाटेतच बॅटरी तापवून ठेवली असती. नॉर्वेतही तेव्हा कडाका होता. तिथल्या ‘वायकिंग’ या रस्त्यावर मदत देणाऱ्या कंपनीकडे वर्षाच्या पहिल्या नऊ दिवसांत ३४ हजारांवर हाका आल्या. त्यांत विजेच्या गाड्या १३ टक्के, तर रस्त्यावरच्या गाड्यांतला त्यांचा वाटा २३ टक्क्यांच्या घरात. विजेच्या बाजूचे लोक हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या गाड्या सरासरीने नव्या असतात, हे सांगायला मात्र विसरतात. तरीही शिकागो आणि ओस्लो यांतला फरक गाडीपेक्षा सवयीचा आणि चार्जरच्या संख्येचा होता, असेच म्हणावे लागते.

आपल्याकडे निफाडचा पारा पाच-सहापर्यंत उतरला की पहिल्या पानावर बातमी येते. त्या थंडीने गाडीचा पल्ला थोडा कमी होईल, घाबरण्यासारखे काही नाही. आपला प्रश्न दुसऱ्या टोकाचा. ‘एएए’च्या त्याच अभ्यासात ३५ अंशांवर एसी लावून पल्ला १७ टक्के घटला होता. ते टक्के एसी बंद केला की परत येतात. पण सतत तापत राहणारी बॅटरी हळूहळू म्हातारी होते आणि ते वय परत मिळत नाही. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीत आणि चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रांच्या बीई ६मध्ये एलएफपी बॅटरी आहे. नॉर्वेत जिला नावे ठेवतील तीच उन्हात जास्त टिकाऊ, त्यामुळे ही निवड इथे योग्यच ठरते.

आपल्या अधिकृत पल्ल्याचा आकडा ज्या भारतीय धावक्रमातून येतो, त्यात वेग ताशी ९०च्या वर जातच नाही. समृद्धी महामार्गावर परवानगीच १२०ची आहे. नागपूरहून मुंबईच्या दिशेने ७०१ किलोमीटर सिमेंटचा रस्ता, मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश, आत चार माणसे, डिकी भरलेली आणि एसी चोवीसवर. इथे गाडी थांबेपर्यंत चालवून कुठल्या संस्थेने आकडे छापले, तर मी ते मासिक वर्गणी भरून घेईन. उन्हात हवा सात टक्के विरळ असते, त्याचा फायदाही त्यात मोजावा. आणि टोइंगचा ट्रक मागे ठेवावा, कारण त्या रस्त्यावर कडेला सावलीचे झाड शोधूनही सापडत नाही.