अश्रूंतील कात्री

डोळ्यांत धुळीचा कण गेला म्हणजे पाणी येतें. तें नुसतें खारें पाणी आहे, असें आम्ही समजतों; परंतु त्यांत कित्येक जंतूंचा नाश करणारें लायसोझाइम नांवाचें विकर, म्हणजे एंझाइम, असतें. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं तें १९२२ सालीं जगापुढें मांडलें. पण तें आपलें काम करितें कसें, हें कोडें ४३ वर्षें सुटलें नाहीं. कारण इतकी सूक्ष्म वस्तु साध्या सूक्ष्मदर्शकासहि दिसत नाहीं.

अखेर १९६५ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें डेव्हिड फिलिप्स व त्यांचे सहकारी यांनीं अंड्याच्या पांढऱ्या बलकांतील लायसोझाइमच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडिले. किरण कसे विखुरले, त्यावरून गणित करून १२९ अमिनो आम्लांच्या त्या साखळीचा आकार त्यांनीं निश्चित केला. साखळीच्या घड्या पडून तींत एक खांच झालेली दिसली. जंतूच्या कवचांतील शर्करेची माळ ह्या खांचेंत नेमकी बसते व तेथील दोन आम्लें ती तोडितात. मग कवच दुबळें होऊन जंतु फुटतो.

ह्या ज्ञानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. एड्सच्या विषाणूच्या एका विकराचा आकार १९८९ सालीं कळला. तो पाहून त्याच्या खांचेंत अडकून बसणारीं औषधें घडविण्यांत आलीं, आणि असंख्य रोग्यांचे प्राण वांचले. विद्यार्थिमित्रहो, कुलूप नीट पाहिल्यावांचून किल्ली घडत नाहीं!