घरचा भेदी आणि धंद्यातील अमानत

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून पाच लाख रुपयांच्या नोटा गहाळ झाल्याची तक्रार जुलै २०२१ मध्ये पोलिसांत दाखल झाली, तेव्हा शहरात एकच खळबळ उडाली. एवढा कडक पहारा असताना नोटा गेल्या कोठे? तपासात मात्र वेगळेच निघाले. चोरी झालीच नव्हती. त्या नोटा चुकून बाद नोटांबरोबर नष्ट झाल्या होत्या आणि कारवाईच्या भीतीने ही गोष्ट दडवली गेली होती.

व्यापारी बंधूंनी हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहाऱ्याने माल राखता येतो. पण माणसाच्या मनात काय चालले आहे, ते पहारेकऱ्याला दिसत नाही. आज उधारीची यादी, खरेदीचे भाव, ग्राहकांचे नंबर असे सारे संगणकात असते आणि त्याची किल्ली नोकराच्या हाती असते. २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरमधील नोकरांनी अमेरिकी ग्राहकांचे गुप्त क्रमांक गोड बोलून काढून घेतले व त्यांच्या खात्यांतील पैसा वळवला. कुलूप फोडण्याची गरजच पडली नाही.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीबद्दल शिक्षा झालेल्या कैद्यांशी बोलून १९५३ मध्ये तीन कारणे मांडली : कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाती आलेली संधी आणि ‘मी तर उसनेच घेतोय’ अशी स्वतःच्या मनाची समजूत.

या तिन्हींवर मालकाला उपाय करता येतो. अडचणीत नोकराला मोकळेपणी उचल मागता यावी. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची प्रेषितांची (स.) शिकवण येथेही कामाची आहे, पगार थकला की ‘माझेच मी घेतले’ म्हणायला जागा मिळते. बिल करणारा आणि पैसे घेणारा वेगळा ठेवावा. प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड द्यावा, कोणी काय उघडले याची नोंद राहते हे आधीच सांगावे. नोकरी सोडणाऱ्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करावा.

आणि चूक स्वतःहून सांगणाऱ्यावर आगपाखड करू नये. नाहीतर पुढची चूक तो लपवील, आणि लपवण्याची सवय खयानतीपर्यंत नेते. अल्लाह पाहतो आहे, ही जाणीव नोकराला हवी, तशी मालकालाही हवी.