मनातल्या वाक्याची उलटतपासणी

कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की त्या तालुक्यात फांगणे नावाचं छोटंसं गाव आहे. २०१६च्या फेब्रुवारीत शिवजयंतीच्या निमित्ताने तिथे पोथी वाचली जात होती. ऐकायला बसलेल्या काही म्हाताऱ्या बोलून गेल्या, आपल्यालाही हे वाचता आलं असतं तर! जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं आणि ८ मार्चला, महिलादिनी, गावात आजीबाईंची शाळा भरली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, गुलाबी नऊवारीचा गणवेश, दप्तर आणि पाटी. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिची सासूही विद्यार्थिनींत बसलेली.

या शाळेचं कौतुक खूप झालं आणि ते योग्यच होतं. मी थक्क होतो ते मात्र त्या शाळेने मोडलेल्या एका वाक्यामुळे. ‘आता या वयात काय शिकायचं, गोवऱ्या मसणात गेल्या!’ हे आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की ते कुणाचं मत आहे असं वाटतच नाही. रक्तगट असावा तसं ते आपलंच, न बदलणारं वाटतं. आणि ते टिकतं कसं पाहा. ते खरं की खोटं हे तपासायचं तर पाटी हातात घ्यावी लागणार. पण पाटी घेऊ नकोस, हेच तर ते वाक्य सांगतं! आपल्या विरुद्धचा पुरावा गोळाच होऊ न देण्याची सोय त्याच्या पोटातच असते. म्हणून अशी वाक्यं पन्नास-साठ वर्षं सुखाने नांदतात.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास याच वाक्यांवर आपली उपचारपद्धती उभी केली. घटना घडते आणि भावना उसळते, या दोहोंच्या मध्ये माणूस स्वतःशी काहीतरी बोलत असतो, आणि त्रास बराचसा त्या बोलण्यातून येतो, हा तिचा गाभा. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथल्या कित्येकांना शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’मुळे तर हा विचार व्याख्यानांतून, पुस्तकांतून घराघरांत गेला.

समजा, डोंबिवलीची एक मुलगी मुलाखतीत इंग्रजी बोलताना अडखळली. घरी येईपर्यंत मनात पक्कं झालेलं असतं: मी मराठी शाळेतली, मला हे कधीच जमणार नाही. आता या वाक्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. पुरावा काय? एकदा अडखळणं आणि कधीच न जमणं यांत तर्क कुठे आहे? आणि हे धरून बसल्याने मला मिळतं काय? त्याच्या जागी जे वाक्य येतं ते ‘मी जगात भारी’ असं नसतं. खोट्या निराशेवर खोटी बढाई हा उतारा नव्हेच. नवं वाक्य साधं असतं: न अडखळता बोलायची माझी फार इच्छा आहे, अडखळले तर वाईट वाटेल, पण त्यावरून माझी किंमत ठरत नाही आणि सराव माझ्या हातात आहे.

नुसतं बोलून मात्र भागत नाही. एलिस स्वतः एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरत. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिन्याभरात त्यांनी शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलणं काढलं. भेटायला तयार झाली एकच, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली! कारण नकार मिळाला तर काहीतरी भयंकर होईल, असं मनातलं वाक्य म्हणत होतं. नकार इतक्यांदा मिळाला आणि भयंकर काहीच झालं नाही. फसलेल्या प्रयोगाने वाक्य खोटं ठरवलं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मोठ्या वयात मेंदू बदलत नाही, ही समजूतही अशीच ढासळते आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढ स्त्रिया सहा महिने देवनागरी शिकल्या. बहुतेकजणी तिशीच्या आसपासच्या होत्या. मेंदूची चित्रं काढल्यावर बाहेरच्या थरातच नव्हे, तर थॅलॅमस आणि मेंदूस्तंभ या खोलवरच्या, उत्क्रांतीने जुन्या भागांतही जोडण्या बदललेल्या आढळल्या. आपण रोज गिरवतो ती क-ख-ग-घ तिथवर पोचली होती!

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फांगण्याच्या आज्या लहानपणी शिकल्या नाहीत त्या मनातल्या वाक्यामुळे नव्हे. गरिबी होती, घरकाम होतं, पोरीला कशाला शाळा म्हणणारी माणसं होती. कुलूप आधी बाहेरून लागलं, आत सरकलं नंतर. सगळे अडथळे मनाचेच, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. खरं कौशल्य बाहेरचं कोणतं आणि आतलं कोणतं हे निवडण्यात आहे.

ही निवड एलिसच्याही कितीतरी आधी, कल्याणात जन्मलेल्या एका मुलीने भर सभेत केली होती. २४ फेब्रुवारी १८८३. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या. अठरा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी. डॉक्टर व्हायला अमेरिकेला जायचं त्यांनी ठरवलं होतं; त्यावर लोक मागून जे बोलत होते ते त्यांनी स्वतःच प्रश्न म्हणून मांडलं आणि एकेकाला उत्तर दिलं. हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? इथे त्यांनी सत्य परिस्थिती सांगितली. कुठे काय शिकवतात ते सांगितलं, रस्त्यात होणारी टवाळीही सांगितली. हा अडथळा बाहेरचा, म्हणून त्यावर उपाय बाहेर जाण्याचा. परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? इथे त्यांनी तर्क लावला: इथे राहते तशीच तिथे राहणार असेन, तर मला बाहेर काढायचं कारण काय? शेवटचा प्रश्न होता की कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करावंस? यात पुरावा काहीच नव्हता, नुसता दबाव होता. ज्यात सर्वांचं भलं आहे ते घडवायला प्रत्येकाने झटायला हवं, असं त्यांचं उत्तर होतं. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना डॉक्टरची पदवी दिली.