बिनपगारी कारभारी
(लोकसंस्थांचा कारभार : लेखांक ६)

मागील लेखांकात संस्थेची नोंदणी, तिची घटना आणि तिचे दप्तर यांचा विचार केला. आज ज्यांच्या स्वाक्षरीने ते दप्तर चालते, पण त्या स्वाक्षरीचा एक छदामही मोबदला ज्यांना मिळत नाही, त्या विश्वस्तांविषयी लिहावयाचे आहे.

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून रात्रभर पायी चालत राजुरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना वाटेत पाणी आणि फराळ देणारी मंडळी राजूरच्या प्रत्येक माणसाने पाहिली आहेत. त्यांची सेवा डोळ्यांना दिसते, म्हणून तिचे मोलही गावाला कळते. परंतु कोणत्याही लहानशा धर्मादाय संस्थेत आणखी एक सेवा चाललेली असते. ती म्हणजे संध्याकाळी कामधंदा आटोपून बैठकीला येण्याची, हिशेबाची वही ओळीनओळ वाचण्याची, नको तो खर्च नम्रपणे परंतु ठामपणे अडविण्याची, आणि संस्थापकाला न रुचणारा प्रश्न त्याच्या तोंडावर विचारण्याची. ही सेवा दिसत नाही, आणि तिला सेवा म्हणण्याची आपल्याकडे रीतही पडलेली नाही. तथापि लहान संस्थेचे आयुष्य मुख्यतः तिच्यावरच अवलंबून असते, असे माझे निश्चित मत आहे.

दूरच्या कार्यासाठी द्रव्य देणे या मुलखाला नवीन नाही. राजूर ज्या भोकरदन तालुक्यात आहे, ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांचीच्या स्तूपासाठी ज्यांनी दान दिले, त्यांच्या शिलालेखांत या भोगवर्धनाच्या रहिवाशांचाही उल्लेख आहे. दात्याचे नाव दगडावर कोरले गेले. त्या दानाचा विनियोग कोणी पाहिला, हे मात्र कोरून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. पुढे निजामाच्या अमदानीत देवस्थाने आणि धर्मादाय इनामे यांची देखरेख ‘उमूर-ए-मजहबी’ या सरकारी खात्याकडे होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतर यथावकाश १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम येथेही लागू झाला. या कायद्याचे मर्म थोडक्यात असे की, न्यासाच्या मालमत्तेचे विश्वस्त हे रखवालदार होत, मालक नव्हेत. म्हणूनच हिशेब तपासून घेणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, विश्वस्तांत बदल झाल्यास ९० दिवसांच्या आत तो कळवावा लागतो, आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून न्यासाची जमीन विकता येत नाही.

कायदा इतके करू शकतो. विवेक मात्र माणसांनीच आणावा लागतो. त्याचे उदाहरण शोधावयास आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९६ साली भारत-जर्मन सहकार्याच्या पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम सुरू झाले. ते करणारी संस्था मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, म्हणजे खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र चालविणारी आणि विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखाली वाढलेली संस्था होती. पैसा परदेशातून येणारा, तांत्रिक ज्ञान संस्थेचे; पण या कार्यक्रमाची अट अशी होती की, गावाने आधी श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, आणि आपल्यातूनच पाणलोट समिती निवडावी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती करावयाची म्हणजे कोणाच्या तरी शेतातील पट्टा बांधाखाली जाणार, आणि ज्याची गुरे माळावर चरत होती त्याला ती थांबवावी लागणार. असे मागणे परक्या अधिकाऱ्याने मागितले तर ते हुकूम ठरते. रोज पारावर भेटणाऱ्या शेजाऱ्याने मागितले तरच त्याला विनंतीचे रूप येते, आणि नकार मिळाला तरी दुसऱ्या दिवशी बोलणे पुन्हा सुरू करता येते. मोबदल्यावाचून हे अप्रिय काम समितीच्या माणसांनी अंगावर घेतले. पुढे २०१२ च्या भीषण दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेव्हाही कडवंचीची द्राक्षे तगली. शेततळ्यांचा आणि शेतकऱ्यांच्या कष्टांचा त्यात मोठा वाटा आहेच. पण समितीने कटुता पत्करली नसती तर ते कष्ट एका दिशेने लागले नसते.

याच्या उलट काय घडते, ते हैतीने भोगले आहे. गुलामांनी स्वबळावर फ्रेंच सत्ता उलथून १८०४ साली स्वतंत्र केलेला हा कॅरिबियन देश. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने त्याची राजधानी पोर्तो प्रिन्स जमीनदोस्त झाली आणि जगभरच्या संस्था तेथे धावल्या. त्यांच्या हेतूंविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु मदतीच्या समन्वयाच्या बैठका बहुतांशी इंग्रजीत चालत आणि तेथील सामान्य माणसाची भाषा क्रिओल. परिणामी ज्यांच्यासाठी सारा खटाटोप, तेच निर्णयाच्या खोलीबाहेर राहिले. आपल्या किल्लारीलाही ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या वसाहती शहरी आखणीने उभ्या राहिल्या, आणि बैलगाडी, गोठा, भावकीचा शेजार यांना त्या आखणीत पुरेशी जागा राहिली नाही.

हैतीतील वस्त्यांत काम करणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेचे विश्वस्त बहुधा दूरच्या देशात राहणारे, आपापला व्यवसाय सांभाळून विनावेतन वेळ देणारे असतात. अशांचे पहिले कर्तव्य निधी जमविणे हे नव्हे; ज्या वस्तीत शाळा किंवा दवाखाना चालवावयाचा, तेथील माणूस बरोबरीच्या नात्याने बैठकीत बसविणे आणि त्याचे बोलणे त्याच्या भाषेत ऐकणे, हे होय. हैतीच्या शेतकऱ्यांत एकमेकांच्या शेतावर मिळून राबण्याची ‘कोंबीट’ नावाची जुनी प्रथा आहे, आपल्याकडील इर्जिकीसारखीच. ज्या समाजाला संघटितपणे राबणे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला व्यवस्थापन बाहेरून शिकवावयास जाण्यापूर्वी त्याच्याकडून शिकून घेणे अधिक उचित आहे.

तेव्हा विश्वस्त निवडताना दानशूराची किंवा पुढाऱ्याची प्रतिष्ठा पाहून थांबू नये. तीन माणसे अवश्य हवीत : हिशेब वाचता येणारा, संस्थेच्या सेवेवर स्वतः अवलंबून असणारा, आणि अध्यक्षाला नाही म्हणण्याचे धैर्य असणारा. हे तिन्ही गुण एकाच व्यक्तीत क्वचितच सापडतात, म्हणून मंडळ असते. त्यातही बायकांचे नाव केवळ कागदावर घालून त्यांना बैठकीची वेळही न कळविण्याची जी चाल अनेक संस्थांत आहे, ती तत्काळ बंद झाली पाहिजे. पाणी, दवाखाना आणि शाळा यांतील उणीव सर्वांआधी त्यांनाच जाणवते.

राजूर आणि पंचक्रोशीतील वाचकांना माझी विनंती आहे की, आपण ज्या मंडळाचे, वाचनालयाचे किंवा शिक्षणसंस्थेचे सभासद आहात, तिच्या येत्या वार्षिक सभेस जावे, ताळेबंदाची प्रत मागून घ्यावी, ती वाचावी, आणि कोणी विश्वस्त होण्याची गळ घातली तर सत्कार म्हणून नव्हे, काम म्हणून ती स्वीकारावी.