कितव्या फुटाला घर सोडायचं?

पावसाळ्यात पंचगंगेकाठी राजाराम बंधाऱ्यावरचे फूट हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५. ते सगळ्यांना पाठ असतात; पण कितव्या फुटाला कोणी, काय घेऊन, कुठे जायचं हे फार थोड्या घरांत ठरलेलं असतं.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात ही उणीव भोवली. २००५ ला पाणी अमुक पायरीपर्यंत आलं होतं, या हिशेबावर अनेक कुटुंबं घरातच थांबली. गोठ्यातली जनावरं सोडून जाववेना, हेही एक कारण होतं. पाण्याने जुनी खूण ओलांडली तेव्हा बोटीशिवाय मार्ग उरला नव्हता. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटून अनेकांचा बळी गेला.

म्हणून घरच्या नियोजनात पहिला आकडा जुन्या पुराचा नको, रस्त्याचा हवा. घराच्या आधी रस्ता बुडतो. तो कितव्या फुटाला बंद होतो हे गावात विचारून घ्यावं आणि त्याच्या बरंच आधी निघावं. म्हातारी माणसं, बाळंतीण आणि जनावरं सगळ्यांत आधी हलवावीत. कुठल्या पाहुण्यांकडे किंवा निवारा केंद्रात जायचं, गुरं कोणाच्या गोठ्यात बांधायची, हे मे महिन्यातच बोलून ठेवावं.

कोकणात मात्र एवढी सवड मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी काही तासांत चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा ठिकाणी गावाबाहेर पडण्यापेक्षा जवळची उंच, पक्की इमारत हेरून ठेवणं जास्त उपयोगी.

पिशवी एकच, पण तयार हवी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आधार, रेशनकार्ड, सातबारा आणि बँकेची कागदपत्रं, बीपी-शुगरच्या आठवडाभराच्या गोळ्या, टॉर्च, पॉवर बँक, थोडी रोख रक्कम, पाणी आणि कोरडा खाऊ. निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करायचं काम एकाच्या नावावर असावं. नाहीतर प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने केलं असेल.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत फोनही लागेनासे झाले. कोण कुठे अडकलंय हे घरच्यांना कळेना. त्यामुळे परगावच्या एका नातेवाइकाला सगळ्यांनी निरोप द्यायचा, असं ठरवून ठेवावं. फोन लागत नसताना एसएमएस कधीकधी पोहोचतो. त्या नातेवाइकाचा नंबर, तसंच ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, मुलांच्या दप्तरात कागदावर लिहिलेला असावा.

येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे ठरवा आणि कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.